कावळ्यासमोर दिलेला शब्द

हरणी भागातले संपतराव रिफायनरीतून निवृत्त झाले आणि हे काम त्यांनी अंगावर घेतलं. बेवारस मृतदेह सापडला की पोलीस ठरलेली मुदत वाट पाहतात, फोटो छापतात. कुणीच आलं नाही तर संपतरावांना फोन जातो. सरकारचं काम अग्नीपाशी संपतं. संपतराव मात्र दहाव्याचा पिंडही ठेवत. नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही. भटजी काश्यप धरून चालत.

एरवी कावळा लगेच शिवायचा. लहरीपुऱ्याच्या फुटपाथवर तापाने गेलेल्या तरुणाच्या पिंडाला मात्र शिवेना. संपतरावांनी हात जोडले. "बायकामुलांची काळजी करू नकोस... कुणाचं देणं असेल तर फेडीन..." कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, तुझ्या घरी कळवीन." कावळा खाली उतरला.

घरी निरुपमाबाईंनी कपाळावर हात मारला. "घर कुठलं ते माहीत नाही आणि शब्द देऊन मोकळे! इथे दळण आणायचं लक्षात राहत नाही तुमच्या."

"जिवंत माणूस असता तर माफी मागितली असती. आता कुणाकडे मागू?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. "त्याचे कपडे ठाण्यात असतील ना? चला, मी येते."

हवालदार विक्रमसिंहांनी सगळं ऐकून गाठोडं सोडलं. "काका, हवे कागडानी फरियाद पण लेवानी?" आता कावळ्याची तक्रारही लिहून घ्यायची का, असं गुजरातीत विचारून ते हसले. निरुपमाबाईंनी शर्टाची मळकी कॉलर ओल्या पदराने घासली. आत शिंप्याची पट्टी निघाली. करजण गावच्या दुकानाची.

तिथल्या शिंप्याने पोलिसांचा फोटो पाहताच गल्ली दाखवली. घर मराठीच निघालं. दार उघडणारे जगदेवराव फोटो बघून ओट्यावरच बसले.

"माझाच. भांडून गेला. वर्षभर एक फोन नाही. आपल्याला विसरला, असंच धरून बसलो. घरात त्याचं नाव काढू दिलं नाही." मग त्यांनी विचारलं, "दहावा कुणी केला?"

"मी."

"कावळा लगेच शिवला?"

निरुपमाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. संपतरावांना खोटं बोलवेना.

"नाही. खूप ताटकळत ठेवलं. तुमच्या घरी कळवीन म्हटलं, तेव्हाच शिवला."

जगदेवराव भिंतीला धरून उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अगं, बाहेर ये," ते म्हणाले. "आपला अविनाश..."