सोमवारची गोळी आणि संत्र्याचा रस

गोपिके,

तुझ्या तेरवीला काटोलला जाऊन आले. वांग्याची भाजी झकास होती. पण जो तो उठून तुझ्याबद्दल जे बोलला, म्हणजे सोशिक, अबोल, कधी कोणाला दुखावलं नाही वगैरे, ते ऐकून मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच बाईच्या पंगतीत बसले. म्हणून हे लिहितेय. कोणीतरी खरं लिहायला हवं.

नागपूरच्या होस्टेलात आपण एका खोलीत राहिलो, ते एकच वर्ष. मग तू लग्न करून काटोलला मनोहररावांच्या संत्र्याच्या बागेत गेलीस, मी बी.एस्सी. होऊन नागपुरातच विम्याच्या ऑफिसात चिकटले. पाळी गेली तेव्हा तू गल्लीत पेढे वाटलेस. बायकांनी विचारलं, "कायचे पेढे वं, गोपिकाबाई?" तू म्हणालीस, "सुटकेचे!" मनोहरराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाळीबरोबर जो आधार जातो तो हाडांचाही असतो आणि रक्तवाहिन्यांचाही, हे तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. पेढे मात्र मी चार खाल्ले.

पंधरा वर्षांनी तू साडीवाल्याशी भांडलीस. "पन्हा वाढवला तुम्ही! साऱ्या साड्या जमिनीवर लोळून राहिल्या!" तो बिचारा टेप घेऊन मोजत बसला. साड्या होत्या तेवढ्याच होत्या. तूच दोन इंच कमी झाली होतीस. मी तुला ओढत रामदासपेठेत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. हाडं ठिसूळ निघाली. आठवड्याला एक गोळी, सकाळी उपाशी पोटी, पुढे अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. साध्या पाण्याबरोबर घ्यायची, हेही ते म्हणालेच असणार. पण तेव्हा तू त्यांच्या नर्सला गोड संत्रं कसं ओळखायचं ते शिकवत होतीस आणि मी बाहेर ऑटोवाल्याला थोपवून धरत होते.

गोळीसाठी तू सोमवार धरलास, कारण सोमवारी तुझा उपास. आडवं व्हायची बंदी, म्हणून तो अर्धा तास मला फोन. सकाळी सहाला! "तारे, घेऊन राहिली बरं गोळी," म्हणायचीस, आणि घटाघट आवाज यायचा. मग साडेसहापर्यंत अख्ख्या काटोलचा उद्धार. दोन वर्षं मी तो घटाघट ऐकला. मला वाटायचं, पाणी.

दोन वर्षांनी पाठ दुखते म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. मणका पांढरा दिसायला हवा, तो मळकट. आणि त्याच्या पुढ्यात, जिथे काहीच दिसायला नको, तिथे मोठ्या धमनीच्या कडेने पांढऱ्या रेघा.

"म्हणजे माह्या हाडातला चुना पत्ता चुकला," तू म्हणालीस.

डॉक्टर हसले. तू हसली नाहीस. मनोहरराव जेवता जेवता हृदयाच्या झटक्याने गेले होते. भाताचं शीत त्यांच्या मिशीला तसंच होतं, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. बाहेर येताच तू जाहीर केलंस, "गोळी बंद! तिनंच हाडातलं काढून दिलात नेऊन टाकलं. मोडलं हाड जुडते वं तारे. दिलाचं काय?"

तीन सोमवार फोन आला नाही. चौथ्या सोमवारी मी बस धरून काटोलला आले आणि तुला दंडाला धरून परत डॉक्टरांपुढे बसवलं. त्यांनी विचारलं, "गोळी कशी घेता, आजी?"

"उपाशी पोटी. रसासोबत."

"कसल्या रसासोबत?"

"संत्र्याच्या. घरचा आहे, बाजारचा नाही. हंगाम नसला तर सरबत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रसाबरोबर ही गोळी पोटातून अंगात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन वर्षं बहुतेक वायाच गेली."

"उपासाले चालते, मंग गोळीले काहून नाही चालत?" तू त्यांनाच दटावलंस. "संत्र्याले नावं ठेवू नका, डॉक्टर."

मी कपाळावर हात मारला. पण तुझ्या रसाने एक काम झालं: जी गोळी अंगात धड शिरलीच नाही तिच्यावर धमनीचा आळ कसा घेणार? डॉक्टर म्हणाले, या गोळीने धमन्या बिघडतात असं दिसलेलं नाही. काही अभ्यासांत थोडा फायदाही दिसला, पण छातीठोक सांगता येत नाही. मात्र हाडं ठिसूळ असलेल्या बायकांच्या धमन्याही पुष्कळदा कडक निघतात, तेव्हा हृदय वेगळं तपासून घ्या. त्यांनी नागपुरातच सदर भागातल्या हृदयाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, आणि माझ्याकडे बघून खाली माझंही नाव टाकलं.

गोळी तू पाण्याबरोबर सुरू केलीस. फोनवर पाणी आणि रस सारखेच वाजतात, म्हणून तुझ्या अश्विनला साक्षीला बसवलं. पन्नाशीचा मुलगा, दर सोमवारी फोनवर ओरडायचा, "मावशी, पाणीच आहे!"

सदरची पहिली तारीख तू मोडलीस. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातली, संत्री उतरत होती. "व्यापारी डोळ्यांत धूळ फेकतील, मी पाहिजे तिथं." दुसरी तारीख मी मोडली. नळवाला येणार होता. तो आला नाही. हे मी तुला सांगितलं नाही. तुला म्हटलं, तब्येत बरी नव्हती. तिसऱ्या तारखेला पाच दिवस होते, मृग बहाराची तोडणी चालू होती, आणि बागेत एका व्यापाऱ्याला "हे तुले लिंबू वाटते का गा?" असं झापता झापता तू खाली बसलीस. अश्विन म्हणाला, पडली नाही, नुसती बसली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. हाड एकही मोडलं नव्हतं.

तपासणी झाली असती तर वाचली असतीस का, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही नाही. पण तुला भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती बघायला आपण दोघी काटोल ते सदर एवढंही गेलो नाही.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी पहिल्या बसने तू यायचं, रक्त द्यायचं, हृदयाचा फोटो काढायचा, आणि मग सदरमध्येच मसाला डोसा खायचा, असं ठरलं होतं. रस प्यायचा नाही, हे मी तुझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. खाली माझं नाव आहे. मीही अजून गेलेले नाही.