बर्फ मी पायला, पोरं ताईचं ऐकतात

मंडळी, आज दुपारपासून मी जळून राह्यलो, अन् तेबी सख्ख्या मामाच्या पोरीवर.

पूजाताई पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावर शिक्षिका आहे. आज तिचा डबा द्याले गेलो अन् वर्गातच बसलो. ती उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांबद्दल शिकवत होती. तिकडं झाडं नाहीत, शेती नाही. एखाद्यानं सील, म्हणजे समुद्रातला एक प्राणी, मारला का तो एकटा खात नाही, घरोघरी वाटा पाठवते.

मागून एक पोरगी बोलली, "मॅडम, आमच्या तांड्यातबी बोकड कापला का असंच करतात."

झालं. सारा वर्ग त्या सीलचे वाटे पाडाले बसला. म्हाताऱ्याले कोणता, बाळंतिणीले कोणता.

मले राहवलं नाही. ताई नागपूरच्या पुढं कधी गेली नाही, अन् मी मनालीले गुडघाभर बर्फात लोळून आलो. उठून म्हटलं, "मी खरा बर्फ पायलाय."

सगळे माझ्याकडं वळले. लय बरं वाटलं.

त्याच पोरीनं विचारलं, "भाऊ, तिथले लोक थंडीत काय खातात?"

"आमी तं नूडल्स खाल्ले."

"तुमी नाही. तिथले लोक."

मी बर्फच किती खोल होता ते सांगाले लागलो. पोरं परत ताईकडं वळली.

मनालीत ज्या काकूच्या घरी खोली घेतली होती, तिच्या चुलीवर काय शिजते, हे मी एकदाबी विचारलं नव्हतं. ताईनं मात्र घरबसल्या एवढ्या दूरच्या लोकांचं जेवण शोधून ठेवलं. म्हणूनच मी जास्त जळतो.

तुमी जिथं फिरून आले, तिथल्या घरात काय शिजते ते तुमाले माहीत आहे का, का मी एकटाच असा?