पिल्लाच्या पोटाचा पंचनामा

म्हशीला जे मानवतं ते कुत्र्याच्या पिल्लालाही मानवणारच, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. रानडुकरं हाकलायला शेतात कुत्रं पाहिजे म्हणून त्यांनी एक पिल्लू आणलं. ते आईपासून पुरतं तुटलंही नव्हतं. त्याला लवकर धष्टपुष्ट करायचं म्हणून म्हशीच्या दुधात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, कुस्करून घातली. व्हायचं तेच झालं. पिल्लू अंगणभर हगलं आणि तुळशीमागे मान टाकून पडलं.

"ढेपीनं काय होते? म्हैस रोज खाते," असं म्हणून सासरे बिडी पेटवून मोकळे झाले.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दूध-ढेप बंद, साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजा, रक्त दिसलं तर लगेच घेऊन या. साधी गोष्ट. पण आमच्या घरात साधी गोष्ट कोणाला पटेल तर शपथ!

धाकट्या दिराला तर घबाडच मिळालं. त्या साली आमची बीटी पराटी, म्हणजे कपाशी, बोंडं फुटायच्या आधीच लाल पडली होती. तक्रारी करकरून तो थकला, पण तालुक्याहून शेतकी खात्याचा एकही साहेब बांधावर फिरकला नाही. आता तो म्हणाला, "सरकी बीटीची, ढेप बीटीची. इखार हाय त्यात! हे मेलं ना, तं साहेबाले याच लागन." ती ढेप कुठल्या सरकीची, हे त्याच्या देवालाही ठाऊक नव्हतं.

खबर लागताच बियाण्याचा दुकानदार मोटरसायकलवर हजर. दीर आणि तो, दोघे शहाणे त्या घाणीपाशी उकिडवे बसले.

"आमच्या बियाण्यावर आळ नका घेऊ भाऊ. कुत्र्याची जातच नाजूक हाय," दुकानदार म्हणाला.

आमचं पीक पाहायला ज्याला सवड झाली नाही, तो कुत्र्याचा गू काडीनं उलटापालटा करून पाहत होता! मी वाटी-चमचा घेऊन गेले तर मलाच म्हणाला, बाजूला व्हा. मी कसली होते! तिथेच बसले आणि पिल्लाच्या गालफडात थोडं थोडं पाणी सोडत राहिले.

दीर रोज सकाळी विचारायचा, "गेलं काय, वहिनी?" वाटायचं, हातातला चमचा फेकून मारावा.

मग एका सकाळी पिल्लू उठलं. भाताची पातळ पेज चाटूनपुसून खाल्ली आणि सासऱ्यांची चप्पल तोंडात धरून पळालं. "पाह्यली ढेपीची ताकद?" सासऱ्यांनी गावभर सांगितलं. मी कपाळ बडवून घेतलं.

दीर ओसरीवर बसून पाहत होता. घरात सुतक असावं तसं त्याचं तोंड उतरलेलं.

"मुकं जनावर जगलं, त्याचं एवढं दुःख झालं तुम्हाले?" मी फाडकन विचारलं.

"दुःख नाही वो वहिनी," तो म्हणाला. "पण आता आपली पराटी पाहाले कोण येईन?"