जोडीचा वरवंटा

आमच्या घरातल्या पाट्याला जोडीचा वरवंटा नव्हता. पाटा काळ्या दगडाचा, आजीच्या काळातला, मधोमध झिजून खोलगट झालेला. आणि वरवंटा म्हणून आई वापरायची तो कुठल्याशा ओढ्यातला तांबूस धोंडा, एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला निमुळता. त्यानं चटणी कधी धड वाटली जायची नाही. पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर आली की दरवेळी म्हणायची, वरवंटा घ्या की नवा. आई म्हणायची, हाय त्यो बरा हाय. मला वाटायचं, काय ही चिक्कट बाई! आटपाडीच्या बाजारात सहज मिळणारी वस्तू, आणि ही जन्मभर धोंड्यानं मिरच्या रगडत बसलीय.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गल्लीतला एक फौजी सुट्टीवर आला होता. बायकोला घेऊन कोकणात फिरून आला आणि मोबाइलमधले फोटो घरोघर दाखवत सुटला. आमच्याकडंही आला. समुद्राकाठचा एक लहानसा किल्ला होता. आता तिथं बाग केलीय, बाकडी टाकलीत, जागोजागी माहितीच्या पाट्या लावल्यात, तटाच्या कडेकडेनं फिरायला वाटा केल्यात, असं तो कौतुकानं सांगत होता. आईनं मोबाइल हातात घेतला आणि पार डोळ्याला लावला. एका फोटोत चिरफाळलेला बुरूज होता आणि त्याच्या खाली नवी कोरी फरशी. ही फरशी बुरजाच्या बुडातनं गेली का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, आख्ख्या किल्ल्याला फेरी मारता येते, काकी, पायाला माती लागत नाही.

त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताटावरून तशीच उठली, तेव्हा मी जरा आवाज चढवूनच विचारलं, झालंय तरी काय?

"तुज्या आदी एक व्हती," आई म्हणाली. "पोरगी. त्या बुरजाखाली ठिवलीया तिला."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. जन्मभर घरातली थोरली म्हणून मिरवले, थोरलेपणाचे मान घेतले नि बोलणीही खाल्ली. आणि मी थोरली नव्हतेच.

आम्ही मेंढरंवाले. माझ्या जन्माआधी दिवाळी सरली की आमच्या माळावर मेंढरांना काडी उरायची नाही. मग आईवडील वाडा घेऊन, म्हणजे मेंढरं, घोडी, बिऱ्हाड असं सगळं घेऊन, घाट उतरून कोकणात जायचे. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि भात देत. अशाच एका फेरीत त्या किल्ल्याजवळ, पालात, ती जन्मली. पाचवी पुजून झाली. बारसं व्हायचं होतं. त्याआधीच ती तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी बुरजाखाली जागा केली, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगडांचा ढीग रचला, आणि सकाळी वाडा हलला. मेंढरांचं पोट कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. पुढं वडिलांनी त्या बाजूला वाडा कधी नेला नाही आणि तिचं नावही काढलं नाही. नाव काढायला ठेवलंच कुठं होतं म्हणा.

"आता तिच्यावर फरशी घातली आसंल, तर लोकं पाय दिऊन जात्यात," आई म्हणाली. तिचं सगळं एवढ्यावरच अडलं होतं. मला मात्र राग आला. इतकी वर्षं मला सांगितलं का नाही? तो राग मी तिथल्या तिथं काढलाही. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग, नेतीस का?

आम्ही दोघीच जायचं ठरलं होतं, पण वडूजच्या आत्याला कुणीतरी सांगितलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. त्या फेरीत तीही होती, परकरी पोर, कोकरं सांभाळायला नेलेली. मला काही समजावायचं असलं की तिचं ठरलेलं, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, मला शिकवू नको. ती आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली. गाडीत पुढच्या सीटवर बसली, मांडीवर एक पिशवी घेतली आणि तिला कुणी हात लावायचा नाही म्हणून दम भरला. घाट उतरेपर्यंत गुडघे, ऊन, माझं गाडी चालवणं, सगळ्याला नावं ठेवून झाली.

किल्ल्याच्या दारात तिकीट काढलं. वॉचमननं सांगितलं, बाणाच्या खुणेनं चाला, कुठं चुकायचं नाही. दोन्ही बाजूंना कापलेलं गवत, सुरूची झाडं, आणि पलीकडं समुद्र. आईनं समुद्राकडं मान वळवूनही बघितलं नाही. ती फरशीकडं बघत चालली होती. पुढं पुढं तर तिनं चपला काढून हातात घेतल्या. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, आई, पाय भाजतील. तिनं ऐकलं नाही. मग आत्यानंही तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत चपला काढल्या, आणि मला काढाव्याच लागल्या.

चिरफाळलेला बुरूज आला तशी आई थांबली. फरशी बरोबर त्याच्या बुडातून गेली होती. आई खाली बसली आणि फरशीवरून हात फिरवू लागली. सरकारी काम, बागेचं काम, त्यांना तरी काय माहीत, असलं काहीतरी मी बोलत राहिले. ते मलाच पटत नव्हतं.

आत्या मात्र पुढं गेली होती. बुरजाच्या कडेपलीकडून तिनं हाक मारली, "वैनी, हितं या. आदी उठा."

वाट तिथवर सरळ आली होती. पुढं, बुरजाच्या बुडाशीच, एका दगडांच्या ढिगाला वळसा घालून गेली होती. ढिगाभोवती साखळी लावली होती. ढीग सगळा कोकणातल्या तांबड्या जांभ्या दगडाचा, आणि त्याच्या माथ्यावर एकच काळा दगड आडवा ठेवलेला. गोल, लांबट, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यावर शेंदूर फासलेला आणि दोन झेंडूची फुलं.

तो आमचा वरवंटा होता. मला कुणी सांगावं लागलं नाही.

बारशाला पाळण्यात बाळाच्या शेजारी वरवंटा निजवतात, कुंची घालून, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. हिला पाळणा मिळाला नाही, बारसं मिळालं नाही. निघायच्या सकाळी आईनं बिऱ्हाडातला वरवंटा उचलला आणि तिच्याजवळ, ढिगाच्या माथ्यावर ठेवला. वाटेतल्या ओढ्यातला धोंडा घेऊन दुपारची चटणी वाटली, आणि पुढं तोच घरात राहिला. हे आईनं मला तिथं साखळीला धरून सांगितलं. ती रडत होती, पण तिचा जीव भांड्यात पडला होता. "कुनी पाय दिला न्हाई," असं दोन-तीनदा म्हणाली.

तेवढ्यात माझं लक्ष पाटीकडं गेलं. मी मोठ्यानं वाचली. अज्ञात वीराची समाधी. किल्ला राखताना धारातीर्थी पडलेल्या, नाव ज्ञात नसलेल्या वीराची ही समाधी असल्याचं स्थानिक लोक मानतात. कृपया पादत्राणे काढावीत.

मला हसू आलं, मग लगेच भडकायला झालं. माझी बहीण आहे ती! आत्ताच्या आत्ता वॉचमनला सांगते, पाटी बदलायला लावते, म्हणून मी निघालेच. आईनं माझा दंड धरला.

"काय सांगनार? मेंढक्याचं पोर हाय म्हनून? मंग साखळी काढत्याल आन फरशी सरळ करत्याल." तिनं डोळे पुसले. "आपुन आज हाय, उद्या न्हाई. तिला हितं रोज कोनतरी फूल घालतंय. घालू दे की."

मी मागं फिरले. खरं लिहून लावलं पाहिजे असं मला आजही वाटतं, आणि आईचंही खोटं वाटत नाही.

आत्यानं तोवर पिशवी उघडली होती. आतून जुन्या लुगड्याची शिवलेली कुंची निघाली आणि घुगऱ्यांचा डबा. साखळी ओलांडायला मी तिला हात दिला. तिनं फुलं बाजूला सारली, वरवंट्याला कुंची घातली, गुडघे विसरून वाकली आणि त्याच्या एका टोकाशी तोंड नेऊन कुर्र केलं. नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो. काय ठेवलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. आईनं तिच्याकडं पाहिलं, तेव्हा ती आईच्या कानाशीही लागली. आईनं मान हलवली. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ते त्या दोघींचं होतं. मग कुंची काढून आत्यानं फुलं होती तशी ठेवली.

एवढ्यात एक कुटुंब फिरत फिरत आलं. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मुलीच्या वडिलांनी पाटी वाचली, तिघांनीही चपला काढल्या. मुलीनं हात जोडले, मग विचारलं, यांचं नाव काय होतं? वडील म्हणाले, ते कुणालाच माहीत नाही, बाळा.

आत्यानं आईकडं पाहिलं. आईनं डबा उघडला आणि मुलीच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

प्रसाद आहे का, असं मुलीच्या आईनं विचारलं.

"बारशाच्या हायत," आई म्हणाली. "खा."