परदेशी टब आणि खुटबावचा हौद

शिरूरच्या एसटीत चढले तेव्हा पिशवीत रंगीत खडू होते आणि डोक्यात, या वयातही, तो परदेशी चित्रकार. त्याच्या न्हाणाऱ्या बायका मी विशीत एका पुस्तकात पाहिल्या, टबात वाकलेल्या, पाठमोऱ्या. पाहिल्या आणि वाया गेले. पुढं जन्मभर घोडनदीच्या बायकांना टबात बसवत राहिले. तालुक्यात टब म्हणावं असं तेव्हा एकच, मेंढरं औषधात बुचकळायचं. पुण्याच्या मागच्या प्रदर्शनात एक जाणकार माझ्या चित्रापुढं उभे राहून त्या चित्रकाराचंच कौतुक करून गेले. यंदाही तेच झालं, तर खडू ठेवून लोणची घालायची, असं ठरवून निघाले होते.

शिरूरला घोडनदीच्या घाटावर न्हाणाऱ्या बायका कमी, ट्रक धुणारे जास्त. विशीत मी इथंच खांद्याला शबनम आणि तोंडावर कारुण्य लावून बसत असे. एका म्हातारीनं विचारलं होतं, "पोरी, घरी पानी न्हाई व्हय तुझ्या?"

वडापनं (माणसं कोंबून नेणारी जीप) चौफुल्यावरून खुटबाव गाठलं. कुणाचं तरी बाजरीचं पोतं वाटभर माझ्या मांडीवर. रात्री वन्संनी (माझी नणंद) हुलग्याचं माडगं वाढलं.

सकाळी वन्सं मळ्यातल्या हौदावर न्हायल्या, लुगड्यासकट. मग कोरडं लुगडं अंगाभोवती घेतलं, पदर दातांत धरला आणि आतल्या आत ओलं लुगडं पायाशी पडलं. बोटभर अंग दिसलं नाही. तेवढ्यात, दातांतला पदर न सोडता, बांधावरच्या गड्याला मोटार बंद करायला दटावलंसुद्धा.

मी समोर बसून चित्र काढलं. वन्सं बघायला आल्या.

"ही कोन?"

"तुम्ही."

"पाठीवरनं मला कोन वळखंल?"

"तो मोठा चित्रकार अशाच काढायचा."

"दाराआडनं बघत आसंल. तुम्ही तर म्होरं बसला हुता, वहिनी."

दुसरा कागद घेतला आणि वन्संना समोरून काढलं. दातांतला पदर काढला, गड्यावर रोखलेले डोळे काढले.

परतताना दौंडहून पुण्याकडं येणाऱ्या शटल रेल्वेत जागा मिळाली. चित्रातली मानेची रेघ अजून त्या परदेशी चित्रकाराचीच आहे, तेवढी राहू दे. घर आपलं झालं की पाहुण्याला एक पाट द्यायला हरकत नसते. शेजारची बाई माझ्या मांडीवरच्या कागदाकडं बराच वेळ बघत होती.

"कुनावर खवळल्यात ह्या?" तिनं विचारलं.

लोणची यंदाही सूनबाईच घालतील.