मीटरसाठी नदी ओतणारा कारखाना

सुट्टीत कारखाना बघायला कोण जातं, असं घरातल्या प्रत्येकानं विचारून झालं. मी जाते. लोक लेणी बघतात, मी मिठागरं आणि गुऱ्हाळं बघते. या वेळचं आमंत्रण माझ्या मावसबहिणीच्या, सुनंदाच्या, नवऱ्याचं होतं. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात पाण्याचं सगळं खातं दाजींकडे आहे. ‘नदीचा थेंब न घेता कारखाना चालतो, या एकदा बघायला,’ असं ते कधीपासून म्हणत होते. गाळप जोरात असतं म्हणून जानेवारी गाठला.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. खिडकी मिळाली, आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिसापण वाचला. केडगावात चहा घेतला. नगर सोडल्यावर मनमाड रस्ता सुरू होतो आणि कंबरेची परीक्षाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर दिवसाउजेडीच जा, कारण उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. राहुरीच्या पुढे पेरू घ्या, पण फोडी करून मीठ-तिखट लावायला सांगा. कोल्हारला दाजी मोटारसायकल घेऊन उभेच होते.

कारखाना मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. उसाच्या वजनातला मोठा भाग पाणीच असतो. रस आटवताना त्याची वाफ होते, ती वाफ थंड केली की गरम, स्वच्छ पाणी हाती येतं. दाजींनी ते पाणी मनोऱ्यावरून खाली सोडून गार केलेलं दाखवलं, मग गाळणीच्या टाक्या दाखवल्या. तेच पाणी बॉयलरला, तेच यंत्रं गार ठेवायला, तेच धुण्यापुसण्याला, आणि वापरलेलं पुन्हा शुद्ध करून परत आत. दाजी बाळाचं कौतुक करावं तसे एकेका व्हॉल्व्हवर हात ठेवून बोलत होते. मीही भारावले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागच्या बाजूनं पंपाची घरघर ऐकू आली. हा कशाचा, असं मी सहज विचारलं. दाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी चालत गेले. नदीकडून हातभर जाडीचा पाइप येत होता, त्यावर मीटर फिरत होता, आणि पलीकडच्या तोंडातून नदीचं नितळ पाणी मागच्या नाल्यात पडत होतं. नाल्यातून खारट, पडीक माळावर जाऊन ते तिथंच जिरत होतं.

“मंजूर कोटा हाय ताई,” दाजी खाली बघत म्हणाले. “नदीतनं उचलला न्हाई तर पाटबंधारेवाले पुढच्या साली कापत्यात. साहेब म्हनतो, मीटर फिरला पायजे.”

म्हणजे पाणी वाचवायचं यंत्र आत, आणि वाचवलेलं पाणी ओतून द्यायचा पंप बाहेर! गेटवर बोर्ड मात्र पाणीबचतीचा, त्यावर हसरा थेंब. माझ्या डोक्यात तिडीक गेली. असलं डोकं चालवायला पगार मिळतो, याचं जास्त वाईट वाटलं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. सुनंदाची वस्ती त्याच नदीच्या खालच्या अंगाला आहे. वस्तीची विहीर नदीपात्रात, तिच्यात पाणी झिरपतं ते कारखान्याच्या पंपानं उचलून उरलेलं. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तेही गढूळ. सगळ्या घरात पिंपं, कळशा, पातेली भरून ठेवलेली. धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात, इथं तर उशाला नवराच पाणीवाला.

रात्री बाजरीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होती. जेवताना मी पंपाचं बोलून गेले. मला वाटलं, सुनंदाला ठाऊक असेल.

“मला तर सांगत हुता नदीलाच पानी न्हाई,” ती नवऱ्याला म्हणाली. “न् तुमी ते माळावर वतताय व्हय?”

दाजी म्हणाले, हुकूम आहे, मी बटण बंद केलं तर दुसरा कोणी येऊन चालू करील. खोटं नव्हतं ते. पण सुनंदा ताट आवरून तशीच शेजारणींकडे गेली.

सकाळी ती शेजारणींना घेऊन कळशांसह नाल्याच्या तोंडाशी पोचली. मीही गेले. पहिली कळशी भरते न भरते तोच रखवालदार धावत आला. म्हणाला, हे कंपनीचं पाणी आहे, भरलं तर चोरी होते. माळ प्याला तर चोरी नाही, बाईनं भरलं तर चोरी! मी तावातावानं भांडले, त्यानं मोबाईलवर आमचे फोटो काढले. बायका कळशा भरून शांतपणे घरी आल्या. दुपारच्या एसटीनं मी परतले, घसा बसला होता.

पुण्यात येऊन आठवडा झाला. ते फोटो बघून साहेबांनी दाजींना बोलावून ‘बायकोला आवर’ असं सांगितलं. दाजी म्हणाले, आधी पंप आवरा. त्यांना उसाच्या वजनकाट्यावर बदललंय. यंत्र आता दुसरा कोणी सांभाळतो, पंप चालूच आहे. हा मजकूर लिहिताना माझा राग कमी होईल असं वाटलं होतं, तो झालेला नाही.

काल सुनंदाला फोन करून विचारलं, अजून जाता का गं नाल्यावर? रखवालदार त्रास देत असेल, एखादा दिवस राहू द्या.

“एक बी दिस ऱ्हायचं न्हाई,” ती म्हणाली. “आमचा बी कोटा हाय. उचलला न्हाई तर कापतील.”