ताईच्या पेशी

माझ्या अंगात आता जे रक्त वाहतं ते मोठ्या बहिणीचं आहे, आणि ही गोष्ट ती मला विसरू देत नाही.

मला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधांनी हाडांतला जुना मगज संपवायचा आणि भावंडाच्या पेशी सोडायच्या. चार भावंडांत जुळली नेमकी ताई. म्हणजे आता जन्मभर ऐकून घेणं आलं.

ताई हर्णेच्या बाजारात मासळी विकते. वाटा घेतला की गिऱ्हाइकाला वर चार मासे घालायचे, ही तिथली रीत. ताईच्या हातून वरचा मासा सुटलेला कुणी पाहिला नव्हता. पेशी वाढाव्यात म्हणून पाच दिवस तिला इंजेक्शनं दिली, तेव्हा कंबर धरून ती मला शिव्या घालत फिरली. मग दोन्ही हातांना नळ्या लावून यंत्रातून पेशी काढल्या. डॉक्टर म्हणाले, पुरे झालं. तर ही म्हणते, "एवढ्यात? घ्या की थोडं वर. भाऊ खादाड हाय माजा."

मला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल. प्रत्यक्षात रक्त चढवतात तशी एक पिशवी टांगली आणि तासाभरात काम संपलं. खरे हाल पुढे होते. तोंड आतून सोललं, घोटभर पाणी उतरेना, केस गेले. पेशी रुजायला दोन-अडीच आठवडे लागले, आणि त्या दिवसांत मी फार घाबरलो होतो.

पुढे मुंबईतच भाड्याच्या खोलीत काही आठवडे काढून मग घरी, माझ्या मुलींकडे आलो. शंभर दिवस होईपर्यंत बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही. आमच्याकडे आजाऱ्याला बघून आल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही. शहाळी घेऊन लोक यायचे आणि अंगणात तोंडाला मास्क लावून ताई बसलेली असायची. कपड्यांना मासळी लागलेली, म्हणून तीही आत येत नसे.

"रक्त माजं हाय," ती सांगायची, "कसा हाय तो मला इचारा."

शंभराव्या दिवसाच्या तपासणीत कळणार होतं, तिच्या पेशी टिकल्या की आजार परत आला. रक्त देऊन आलो. काही दिवसांनी सकाळी फोन आला. सगळ्या पेशी ताईच्या, आजार दिसत नाही. मी खिडकीतूनच अंगणातल्या ताईला ओरडून सांगितलं. वाटलं, आता ही बंदरभर मिरवणार.

ती मटकन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"माज्या रक्तात खोट निघाली आसती," ती म्हणाली, "तर तुज्या पोरींना मी काय सांगितलं आसतं?"

एवढे दिवस भीती फक्त मलाच वाटते आहे, असं मी समजत होतो.